रोबोटच्या नजरेचे प्रयोग आपोआप चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या प्रयोगशाळेत टेबलावर बसवलेला सहा सांध्यांचा एक रोबोट हात आहे. त्याच्या मनगटावर कॅमेरा, समोर काळा ट्रे आणि ट्रेमध्ये विस्कटून पडलेले नट, बोल्ट, वॉशर आणि छोटी बेअरिंग. सांगितलेला भाग ओळखायचा, उचलायचा आणि त्याच्या खणात ठेवायचा, एवढंच काम. भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांत असं भाग निवडण्याचं काम माणसं तासन्‌तास उभी राहून करतात, म्हणून आम्ही तेच घेतलं. दर वर्षी नवी मुलं येतात आणि त्यांना तेच प्रश्न पडतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान.

पाइपलाइन म्हणजे नेमकं काय काय?

कॅमेऱ्यातून फोटो घेणं, त्यातले कामाचे निवडणं, प्रत्येक फोटोत कुठे काय आहे ते चौकट आखून लिहिणं (हेच लेबलिंग), लेबल तपासणं, शिकवण्याचे आणि परीक्षेचे फोटो वेगळे करणं, मॉडेल (फोटो बघून भाग ओळखणारा प्रोग्राम) शिकवणं, त्याची परीक्षा घेणं, ते रोबोटवरच्या छोट्या संगणकावर चढवणं, प्रत्यक्ष उचलून बघणं, आणि जिथे चुकलं ते फोटो पुन्हा पहिल्या पायरीला आणून टाकणं. मॉडेल आम्ही सुपरवाइज्ड पद्धतीने शिकवतो, म्हणजे उत्तरासकट उदाहरणं देऊन. त्यामुळे या साखळीत सगळ्यात महाग गोष्ट आहे ती उत्तरं, म्हणजे लेबल. संगणक भाड्याने मिळतो, चांगली लेबलं तशी मिळत नाहीत.

हाताने सगळं चाललंय की. मग ऑटोमेट कशाला करायचं?

बहुतेकांना वाटतं, वेळ वाचावा म्हणून. वेळ वाचतोच, पण माझ्या लेखी खरं कारण दुसरं आहे. मॉडेलला परीक्षेत काल ८१ टक्के मिळाले आणि आज ८६ मिळाले, तर हा फरक कशामुळे पडला ते छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे. नवे फोटो आले म्हणून? लेबल दुरुस्त झाली म्हणून? की कोणीतरी फोटोंचा आकार बदलला आणि सांगायला विसरलं? हाताने चालवलेल्या प्रयोगात हे सांगता येत नाही, आणि मग त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आमच्याकडे घडलेलं सांगतो. लेबलची फाइल साधी असते, एका वस्तूला एक ओळ:

२ ०.४८१ ०.५३३ ०.०१६ ०.०२८

पहिला आकडा वस्तूचा प्रकार. पुढचे दोन चौकटीच्या मध्याचे आणि शेवटचे दोन रुंदी-उंचीचे, चारही फोटोच्या आकाराच्या प्रमाणात. १२८० × ७२० च्या फोटोत ही चौकट जेमतेम २० पिक्सेलची भरते. आमच्या यादीत शून्य म्हणजे नट, एक म्हणजे बोल्ट, दोन म्हणजे वॉशर, तीन म्हणजे बेअरिंग. एका मुलाने घरच्या लॅपटॉपवर लेबलिंग केलं आणि त्याच्या यादीत बोल्ट आणि वॉशर यांची अदलाबदल झालेली होती. चौकटी अगदी नेमक्या आखलेल्या, फक्त पहिला आकडा उलटा. आम्ही ते ४०० फोटो आधीच्या फोटोंत मिसळले, आणि पुढचे तीन आठवडे मॉडेल बोल्टच्या बाबतीत का गोंधळतंय ते शोधत बसलो. मॉडेलचे थर बदलले, लर्निंग रेट (शिकण्याचा वेग) बदलला, प्रकाश बदलला. दोष एका आकड्यात होता. आता नवी लेबल आत येताना एक छोटी स्क्रिप्ट यादी जुळवून पाहते, चौकट फोटोच्या बाहेर जात नाही ना ते पाहते, आणि प्रत्येक प्रकारचे वीस-वीस तुकडे कापून एका पानावर मांडते. बोल्टच्या पानावर वॉशर दिसला तर पाच सेकंदांत कळतं.

सुरुवात कुठून करावी?

शेवटापासून. आधी परीक्षेची स्क्रिप्ट लिहा. एक मॉडेल आणि एक परीक्षेचा फोल्डर दिला की तिने प्रत्येक प्रकाराचा वेगळा निकाल, सगळ्यात वाईट चुकलेले तीस फोटो आणि तारीख घातलेली एक फाइल काढून द्यावी. मुलं ट्रेनिंगपासून सुरू करतात, कारण त्यात मजा असते, आणि मोजायची पद्धत दर आठवड्याला बदलत राहते. मोजपट्टीच बदलत असेल तर मोजायचं काय?

त्यानंतर लेबल तपासणारी स्क्रिप्ट, मग फोटो निवडणारी. ट्रेनिंग सगळ्यात शेवटी जोडलं तरी चालतं, ते तसंही एकाच कमांडचं काम असतं.

कोणतं टूल वापरायचं?

चार-पाच जणांच्या गटाला मोठी यंत्रणा लागत नाही. बेल लॅब्समध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक नावाचं टूल लिहिलं. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे ते लिहायचं, आणि जे बदललंय त्याच्या पुढचंच काम पुन्हा करायचं, ही त्यातली कल्पना आजही पुरते. फोटो आणि मॉडेल गिटमध्ये (कोडचे बदल नोंदवणाऱ्या टूलमध्ये) मावत नाहीत, म्हणून आम्ही त्याच तत्त्वावर चालणारं डीव्हीसी वापरतो. ते मोठ्या फाइलींचा ठसा, म्हणजे छोटी ओळखखूण, गिटमध्ये ठेवतं आणि खरी फाइल बाजूच्या डिस्कवर. प्रयोगांच्या नोंदीसाठी एमएलफ्लो आहे, लेबलिंगसाठी सीव्हॅट. सगळी मोफत मिळतात आणि स्वतःच्या संगणकावर चालतात.

कुबरनेटिसवर (अनेक संगणकांवर कामं वाटणाऱ्या यंत्रणेवर) आधारलेल्या मोठ्या साधनांच्या मागे लागू नका. ती सांभाळायलाच एक माणूस लागतो, आणि तुमच्याकडे तो नाही.

रोबोटवरून किती फोटो साठवायचे?

हिशोब करून बघा. १२८० × ७२० चा एक रंगीत फोटो न दाबता ठेवला तर सुमारे २.७६ एमबी होतो. सेकंदाला ३० धरले तर सेकंदाला ८३ एमबी, आणि दहा मिनिटांत जवळपास ५० जीबी. यातले बहुतेक फोटो एकमेकांच्या सख्ख्या जुळ्यांसारखे. सेकंदाला एक घेतला तरी दहा मिनिटांचे ६०० होतात, आणि तेही जास्तच.

रोबोट चालवायला आम्ही रॉस ही प्रणाली वापरतो, आणि तिच्या ‘बॅग’ या रेकॉर्डिंगच्या फाइलीत सगळं रेकॉर्ड करतो, पण त्यातून फोटो काढताना हाताची जागा बघतो. मनगट आधीच्या निवडलेल्या फोटोपासून ठरावीक अंतर सरकलं असेल किंवा वळलं असेल तरच पुढचा फोटो घ्यायचा. घड्याळापेक्षा हालचालीवरून निवडलेले फोटो कितीतरी उपयोगी पडतात. बॅग मात्र लगेच पुसू नका. फोटो कोणत्या सांध्यांच्या कोनात घेतला, हे पुढे लागतं.

रेकॉर्डिंग करताना काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी उजेड. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. कॅमेऱ्याचा एक्स्पोजर (एका फोटोसाठी उजेड आत घेण्याचा वेळ) १० मिलिसेकंदांच्या पटीत नसेल तर एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट येतो, कधी आडवे पट्टे उमटतात. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये विजेच्या हर्ट्झचा आकडा ६० वर असतो, तो ५० करा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही ‘ऑटो’वरून काढून टाका, नाहीतर चकचकीत बेअरिंग समोर आलं की सगळा ट्रे काळा पडतो. आणि ही सेटिंग हाताने लावू नका. रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या स्क्रिप्टनेच ती लावावी आणि फोटोंसोबत लिहून ठेवावी.

लेबलिंग आपोआप होईल का?

बऱ्याच अंशी होतं, आणि रोबोटच्या बाबतीत तर इतरांपेक्षा जास्त होतं, कारण कॅमेरा कुठे आहे हे रोबोटला ठाऊक असतं. मला या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

अमेझॉनच्या २०१६ च्या पिकिंग (रोबोटने वस्तू उचलण्याच्या) स्पर्धेसाठी एमआयटी आणि प्रिन्स्टनच्या गटाने काय केलं ते बघा. रिकाम्या कप्प्याचे फोटो घेतले. मग त्यात एकच, आधीच माहीत असलेली वस्तू ठेवली आणि रोबोट हाताने कॅमेरा फिरवून पुन्हा फोटो घेतले. आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र यांतला फरक म्हणजे ती वस्तू. वस्तूचं नाव आधीच माहीत, त्यामुळे लेबल तयार. अशा रीतीने त्यांनी १ लाख ३० हजारांहून जास्त फोटो जमवले. पुढे २०१८ मध्ये एमआयटीच्याच लेबलफ्यूजन या पद्धतीने आणखी एक पाऊल टाकलं. कॅमेरा फिरवून टेबलाचा त्रिमित नकाशा बनवायचा, माणसाने त्या नकाशात वस्तू एकदा बसवायची, आणि मग ती हजारो फोटोंवर आपोआप उमटते. काही दिवसांच्या कामात १० लाखांहून जास्त वस्तूंची लेबल त्यांनी तयार केली.

आम्ही यातलं पहिलं तंत्र ट्रेवर वापरतो. त्यात दोन अडचणी येतात. एक, चकचकीत धातूवर उजेड सरकतो आणि फरकाच्या चित्रात सावलीही वस्तू म्हणून येते. दुसरी म्हणजे कॅलिब्रेशन. कॅमेरा मनगटाच्या तुलनेत नेमका कुठे आणि कसा बसलाय, हे हँड-आय कॅलिब्रेशनने काढावं लागतं. ५०० मिलिमीटर अंतरावरून बघताना कोनात एक अंशाची चूक असेल तर लेबल जवळपास ९ मिलिमीटर सरकतं. आमचा नटच त्याहून फार मोठा नाही. कॅमेऱ्याचा स्क्रू ढिला झाला आणि आम्हाला कळलंच नाही, तर त्या दिवसाची सगळी लेबल वाया. म्हणून ट्रेच्या कोपऱ्यात एक एप्रिलटॅग (कॅमेऱ्याला ओळखता येणारी काळी-पांढरी छापील खूण) कायमचा चिकटवलाय. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्क्रिप्ट तो कुठे दिसायला हवा होता आणि कुठे दिसला हे ताडून बघते. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर रेकॉर्डिंग सुरूच होत नाही.

मेटाने २०२३ मध्ये दिलेलं सेगमेंट एनिथिंग मॉडेलही हाताशी ठेवा. एका क्लिकवर ते वस्तूची कड काढून देतं. पण तो नट आहे की वॉशर, हे ते सांगत नाही. ते माणसानेच सांगायचं.

ग्रिपर (रोबोटचा पकडणारा पंजा) स्वतःही लेबल देतो, हे मुलांच्या लक्षात येत नाही. उचलल्यावर बोटं पूर्ण मिटली तर हातात काही आलं नाही, अर्धवट थांबली तर आलं. कार्नेगी मेलनच्या लेरेल पिंटो आणि अभिनव गुप्ता यांनी बॅक्स्टर रोबोटकडून ७०० तासांत ५० हजार वेळा वस्तू उचलायचा प्रयत्न करवून घेतला, तो याच जोरावर. एकही लेबल माणसाने लिहिलं नव्हतं.

मॉडेल ९७ टक्के दाखवतं, पण रोबोट चुकतोच. असं का?

या पानावरचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. दहापैकी आठ वेळा उत्तर एकच असतं: फोटोंची वाटणी चुकली आहे.

सगळे फोटो एकत्र करून पत्ते पिसल्यासारखे पिसले आणि ८० टक्के शिकवायला, २० टक्के परीक्षेला ठेवले, तर काय होतं? एकाच रेकॉर्डिंगमधला ४११ वा फोटो शिकवायला जातो आणि ४१२ वा परीक्षेला. दोन्हींत तोच ट्रे, त्याच जागी तोच नट, तोच उजेड. मॉडेलने नट ओळखला नाही, ते चित्र पाठ केलं. परीक्षेआधी पेपर वाचून आलेल्या मुलाला ९७ मिळाले, तर त्यात नवल ते काय?

वाटणी फोटोंची करू नका, रेकॉर्डिंगची करा. एक अख्खं रेकॉर्डिंग एकतर शिकवण्यात किंवा परीक्षेत. शक्य असेल तर परीक्षेची रेकॉर्डिंग वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने ट्रे भरून केलेली असावीत. माणूस ट्रे भरतो त्यालाही एक हातवळण असतं, कोणी भाग मध्ये ओततं, कोणी पसरून टाकतं. आम्ही वाटणी बदलली तेव्हा आकडा एका दुपारीत १४ टक्क्यांनी खाली आला. मुलांची तोंडं उतरली होती. पण रोबोट जितका चुकत होता, तितकाच तो नवा आकडा दाखवत होता.

पाइपलाइनमध्ये हे पक्कं करायला सोपं आहे. फोटोच्या नावातच रेकॉर्डिंगचा क्रमांक घाला, आणि एकच क्रमांक दोन्ही बाजूंना सापडला तर स्क्रिप्टने काम थांबवावं. सूचना छापून पुढे जाऊ देऊ नका, कारण सूचना कोणी वाचत नाही.

परीक्षेच्या फोटोंची लेबल तरी बरोबर असतात का?

धरून चालू नका. २०२१ मध्ये कर्टिस नॉर्थकट आणि सहकाऱ्यांनी सर्रास वापरले जाणारे दहा डेटासेट (लेबलसकट उदाहरणांचे संच) तपासले. त्यांच्या परीक्षेच्या भागात सरासरी ३ टक्क्यांहून जास्त लेबल चुकीची निघाली, आणि त्यातल्या इमेजनेट या प्रसिद्ध फोटोसंग्रहाच्या तपासणीच्या संचात तर सुमारे ६ टक्के. जगभर लोक ज्या मोजपट्टीवर एकेक टक्क्यासाठी झगडतात, तिचीच ही गत. म्हणून परीक्षेचे फोटो थोडेच ठेवा, पण दोन जणांनी वेगवेगळी लेबलिंग केलेले. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे तिसऱ्याने बघावं.

लहान वस्तूंना आणखी एक त्रास आहे. २० पिक्सेलची चौकट आडवी-उभी तीन-तीन पिक्सेल सरकली, तर मूळ चौकटीशी तिचा मेळ (दोन्हींचा सामाईक भाग भागिले दोन्हींनी मिळून व्यापलेला भाग) ०.५७ वर येतो. डोळ्यांना दोन्ही चौकटी सारख्याच वाटतात. त्यामुळे नट-वॉशरसाठी फार कडक मेळ मागितला तर तुम्ही मॉडेलऐवजी लेबलिंग करणाऱ्याच्या हाताची थरथर मोजत बसाल.

ट्रेनिंग रात्रभर चालतं आणि मध्येच लाइट जाते. काय करावं?

सगळ्या फोटोंवरून एक फेरी झाली की दर वेळी चेकपॉइंट, म्हणजे मॉडेलची तेव्हाची स्थिती, डिस्कवर लिहा, आणि पुन्हा सुरू झाल्यावर स्क्रिप्टने शेवटचा चेकपॉइंट स्वतः शोधून तिथून पुढे जावं. लिहितानाच लाइट गेली तर अर्धवट फाइल उरते, म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला. यूपीएस असेल तर उत्तमच.

संगणकावर बरोबर ओळखतं, रोबोटवर चढवलं की बिघडतं.

आधी रंग तपासा. ओपनसीव्ही हे चित्रं हाताळणारं टूल फोटो निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचतं, बाकीची बरीच साधनं लाल-हिरवा-निळा. क्रम उलटला तरी काहीही कोसळत नाही, मॉडेल फक्त थोडं वाईट चालतं, आणि म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. आमच्या भागांत पितळी नट आहेत. क्रम उलटल्यावर ते निळसर दिसतात, त्यावरून आम्हाला कळलं. सगळे भाग पोलादाचे असते तर कळलंही नसतं. मग आकार बघा. शिकवताना फोटो कडेने पट्टी लावून चौरस केला आणि रोबोटवर सरळ ताणून चौरस केला, तर गोल वॉशर लंबगोल होतो.

यावर आमचा उपाय साधा आहे. वीस फोटो कायमचे बाजूला काढलेत. मॉडेल रोबोटवर चढवण्याच्या पायरीत ते वीस फोटो दोन्हीकडे चालवले जातात आणि उत्तरं ताडली जातात. थोडाफार फरक चालतो, कारण छोट्या संगणकासाठी मॉडेल हलकं करताना त्यातले आकडे ढोबळ केले जातात. एखादी वस्तू नाहीशी झाली तर मात्र मॉडेल चढत नाही.

कंप्युटरने बनवलेल्या खोट्या चित्रांवर शिकवलं तर?

सुरुवातीला उपयोग होतो. रंग, उजेड, पोत मुद्दाम वेडेवाकडे बदलत नुसत्या बनवलेल्या चित्रांवर शिकवलेलं मॉडेल खऱ्या जगात दीड सेंटिमीटरच्या अचूकतेने वस्तू शोधू शकतं, हे २०१७ मध्ये जॉश टोबिन आणि ओपनएआयमधल्या सहकाऱ्यांनी दाखवलं. ठोकळ्यांसाठी ते भरपूर आहे. वॉशर उचलायला पुरत नाही. परीक्षा मात्र कायम खऱ्या फोटोंवरच घ्या.

रोबोटवर किती वेळा उचलून बघितलं म्हणजे पुरे?

पन्नासपैकी पंचेचाळीस जमले तर ९० टक्के म्हणायचा मोह होतो. पण पन्नासच प्रयत्नांत खरा आकडा सुमारे ७९ ते ९६ यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. त्यामुळे पन्नास-पन्नास प्रयत्न करून ‘नवं मॉडेल ८८ वरून ९२ वर गेलं’ असं म्हणता येत नाही. प्रयत्न वाढवा. दोन्ही मॉडेल आलटून-पालटून चालवा, म्हणजे दुपारचा उजेड एकाच्याच वाट्याला येणार नाही. ट्रे झुकवून भाग पुन्हा विस्कटण्याचं कामही हातालाच शिकवा. आमचा हात रात्री साडेआठ ते सकाळी सहा हेच करतो.

मग नवे फोटो आले की मॉडेल आपोआप शिकून आपोआप रोबोटवर चढावं, असं करावं का?

शिकू दे, परीक्षा देऊ दे, अहवाल लिहू दे. चढवायचं बटण माणसाच्या हाती ठेवा. आणखी एक जागा माणसासाठी राखून ठेवा: मॉडेलला जिथे खात्री नाही असे फोटो. आम्ही रोज सकाळी चहा घेता घेता रात्रीचे असे चाळीस फोटो बघतो. एकदा सलग चार फोटोंत ट्रेच्या कडेला एक ‘बोल्ट’ दिसत होता. तो कोणाच्या तरी पेनाचं टोपण होतं. आता टोपणं, रबरबँड, स्टेपलच्या पिना यांचे फोटो आम्ही मुद्दाम घेतो, काहीही चौकट न आखता.

नव्या मुलाला पहिल्या दिवशी काय द्यावं?

दोनशे फोटो आणि माउस. लेबलिंग हाताने करू द्या, दिवस गेला तरी चालेल. अर्धा झाकलेला नट मोजायचा का, एकावर एक पडलेल्या दोन वॉशरना एक चौकट की दोन, बोल्टचं फक्त डोकं दिसत असेल तर काय, हे प्रश्न तो स्वतःच घेऊन येतो. त्याची उत्तरं आमच्या नियमांच्या फाइलीत शोधायची. सापडली नाहीत तर सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि फाइलीत तारखेसकट लिहायचं. सध्या त्या फाइलीत ३१ नियम आहेत. शेवटचा गेल्या महिन्यात आला: गंजलेला नट नटच.